तिला बघू द्या

घोडा बुजला की आजूबाजूची माणसं लगेच त्याच्या स्वभावावर बोलायला लागतात. नखरे करतोय, कामचुकार आहे, मुद्दाम करतोय. मी हे इतक्यांदा ऐकलं आहे की हल्ली वाद घालत नाही, त्या घोड्याच्या डोळ्यांकडे बघा एवढंच म्हणते. जमिनीवर वावरणाऱ्या सस्तन प्राण्यांत घोड्याचे डोळे सर्वांत मोठ्यांपैकी गणले जातात. ते डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे मान न वळवताही त्याला जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं. मागून येणारा कुत्रा, कुंपणापलीकडे हललेली फांदी, लांब कुणीतरी झटकलेली चादर, सगळं एकाच वेळी नजरेत. पण दोन्ही डोळ्यांनी मिळून, अंतराचा नीट अंदाज घेत बघायचं तर त्याला समोरचा साधारण ६५ अंशांचाच पट्टा मिळतो. बाकीचं जग एकेका डोळ्याने. शेपटीच्या थेट मागे त्याला काही दिसत नाही. कपाळाच्या लगेच पुढे आणि नाकाच्या खालीही अशी जागा आहे जिथे त्याची नजर पोचत नाही. आणि उन्हातून अंधाऱ्या तबेल्यात शिरताना त्याचे डोळे सरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ घेतात.

म्हणजे सतत खूप काही दिसणारं, पण त्यातलं बरंचसं अस्पष्ट दिसणारं हे जनावर आहे. शिंगं नाहीत, शिकारी प्राण्यांसारखे सुळे नाहीत. आधी पळायचं आणि लांब गेल्यावर वळून बघायचं, हेच त्याच्या पूर्वजांना वाचवत आलं. काल कुंपणावर नसलेली गोणी आज तिथे लटकते आहे हे त्याच्या लक्षात येणं, यात मला कुठलाही दुर्गुण दिसत नाही. त्याच्या जागी तो बरोबर आहे.

मैना ही घोडी आमच्या तबेल्यात आली तेव्हा तिच्याबद्दल इतकंच कळलं होतं की ती घाबरट आहे आणि तिच्यावर बसायला आता कुणी धजत नाही. कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी रंग, काळे पाय, कपाळावर छोटी चांदणी. उभी असली तरी एक कान कायम मागे लावलेला. पाण्याचा पाइप जमिनीवर पडलेला दिसला की थबकायची. दारातून जाताना शेवटच्या क्षणी उसळी मारून आत घुसायची, त्यात पुठ्ठा, म्हणजे कमरेमागचा भाग, चौकटीवर आपटायचा, आणि पुढच्या वेळी त्या आपटण्याच्या भीतीने आणखी जोरात घुसायची. उजव्या बाजूने कुणी हात वर केला तर दोरी ताणून अख्खी घोडी तिरकी व्हायची. तिच्यावर खोगीर चढवायचा विषय मी पूर्ण बाजूला ठेवला. जे काही शिकायचं ते दोघींनी जमिनीवर पाय ठेवून शिकायचं. याला आता सगळेच ग्राउंडवर्क म्हणतात, मीही तेच म्हणते.

पण त्याच्याही आधी जनावरांचा डॉक्टर. हे मी कुणालाही पहिल्यांदा सांगते, कारण भीती आणि दुखणं बाहेरून अगदी एकसारखं दिसतं. घोड्याचे दात आयुष्यभर हळूहळू वर येत राहतात आणि वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार होऊन गालाला आतून कापतात. खुराला ठेच असते, पाठीला जुनी लचक असते. पोटाचं तर फारच महत्त्वाचं. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, तो खात असो वा नसो, कारण दिवसाचा बराचसा वेळ चरण्यासाठीच त्याची रचना झाली आहे. तासन्‌तास उपाशी ठेवलेल्या घोड्याच्या जठरात व्रण होतात, आणि मग तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना तो चावायला येतो तेव्हा आपण त्याला तापट म्हणतो. मैनेच्या दाढा घासून घेतल्या, वाळलेला चारा दिवसभर समोर राहील अशी सोय केली आणि शेजारच्या कप्प्यात एक म्हातारा, धिम्या स्वभावाचा घोडा आणून बांधला. गाढ, स्वप्नांची झोप घोड्याला आडवं पडल्याशिवाय लागत नाही, आणि आसपास सोबत असल्याशिवाय तो निर्धास्त आडवा पडत नाही. मैनेच्या अंगावर सकाळी भुसा चिकटलेला दिसायला लागला तेव्हा मला कळलं की आता शिकवायला सुरुवात करता येईल.

सुरुवातीला माझं शिक्षण झालं, तिचं नंतर. घोडा अचानक उधळला असं आपण म्हणतो, पण मैनेजवळ नुसतं उभं राहून मी जे पाहिलं त्यात अचानक काहीच नव्हतं. आधी पापण्यांची उघडझाप थांबते. मग डोळ्यावरची कातडी आतल्या बाजूला वर ओढली जाऊन तिथे एक टोकदार सुरकुती उमटते. नाकपुडीची कड ताठ होते. खालच्या ओठामागची हनुवटी एरवी मऊ लोंबत असते, ती आवळून सुपारीसारखी टणक होते. श्वास थांबतो, आणि शेवटच्या बरगडीमागे पोट हलेनासं होतं. त्यानंतर मान वीतभर वर जाते, शेपटी चेपली जाते, आणि इतकं सगळं होऊन गेल्यावर पाय हलतात. पायांपर्यंत गोष्ट येते तेव्हा तिने आपल्याला पाच-सहा वेळा सांगून झालेलं असतं. कुणी ऐकलंच नाही तर ती पुढच्या वेळी मधली सगळी बोलणी गाळून सरळ शेवटाला येते. घाबरट म्हणून बदनाम झालेल्या कितीतरी घोड्यांचं हेच झालेलं असतं असं माझं ठाम मत आहे.

उलट दिशेचीही चिन्हं असतात. डोळे मिचकावणं, मान खाली सोडणं, नाकपुड्या थरथरवत सोडलेला लांब श्वास, मागचा एक पाय सैल टेकवणं. जीभ बाहेर काढून ओठ चाटणं आणि रिकामंच चघळणं, याबद्दल मात्र थोडं सांगायला हवं. घोड्याने असं केलं की त्याने माणसाला मानलं, असा एक लोकप्रिय समज आहे. गोल कुंपणात घोड्याला पळव पळव पळवायचं, तो चघळायला लागला की थांबायचं आणि आता तो आपला झाला म्हणायचं, ही पद्धत पाहायला फार परिणामकारक वाटते. मला ती पटत नाही. चघळणं बहुतेक वेळा ताण उतरताना येतं. म्हणजे क्षणापूर्वी ताण होता याची ती खूण आहे. माझ्यासोबतच्या पंधरा मिनिटांत घोडी दर मिनिटाला चघळत असेल तर मी तिला दर मिनिटाला घाबरवते आहे, असाच मी त्याचा अर्थ घेते.

सामान फार लागत नाही. डोक्यावर नीट बसणारी म्होरकी (दोरी अडकवायची, नाकावरून जाणारी पट्ट्यांची बांधणी), साडेतीन-चार मीटरची जाड मऊ दोरी, हातमोजे, टणक नाकाचे बूट, डोक्यावर हेल्मेट. दोरी हाताला कधीही गुंडाळायची नाही, घड्या घालून तळहातात धरायची. घोड्याच्या थेट पुढे उभं राहायचं नाही, खांद्याच्या बाजूला राहायचं. चारशे-पाचशे किलोचं जनावर घाबरून पुढे आलं तर त्याला वाट हवी आणि आपल्यालाही.

पहिला धडा दिसायला अगदीच किरकोळ: एक पाऊल पुढे, थांब, एक पाऊल मागे. मी दोरी दोन बोटांत धरून मागच्या दिशेला इतकाच दाब देते की म्होरकीची पट्टी तिच्या नाकावर जाणवावी. मग काही करत नाही. वाट बघते. मैना आधी मान वर करते, मग डावीकडे ढकलून बघते, मग तिचं वजन किंचित मागे सरकतं. खूर अजून उचललेला नाही, फक्त खांद्यातला भार मागे गेला आहे, आणि त्याच क्षणी मी बोटं उघडते. घोडा शिकतो तो दाब सुटण्यातून. दाब आल्यावर तो फक्त शोधायला लागतो, आणि दाब सुटतो त्या क्षणी तो जे करत असेल ते उत्तर म्हणून लक्षात ठेवतो. बोटं दोन सेकंद उशिरा उघडली तर तोवर तिने मान झटकलेली असते आणि मग मान झटकणं हे तिचं उत्तर होतं. हात बोथट असेल तर घोडा बोथट होतो किंवा वैतागतो. म्हणून मी नवशिक्यांना आधी एकमेकांच्या हातात दोरी देऊन सराव करायला लावते, एकाने डोळे मिटून घोडा व्हायचं. स्वतःच्या मनगटावर दाब नेमका कधी सुटला हे अनुभवल्यावर माणसाचा हात लगेच बदलतो.

इतक्या लहान गोष्टीने धीर कसा येतो? माझा अनुभव असा की घाबरलेल्या घोड्याच्या जगात उत्तरंच नसतात. आवाज येतो, माणूस ओढतो, काहीतरी हलतं, तोंडात दुखतं, आणि यातलं काहीही त्याच्या हातात नसतं. एक पाऊल मागे घेतलं की नाकावरचा दाब जातो, दर वेळी जातो, कुणी रागावत नाही, ही त्याच्या हाती आलेली पहिली पक्की गोष्ट असते. त्यावर दुसरी रचता येते.

मैनेच्या बाबतीत दुसरी गोष्ट होती मागचे पाय वळवणं. मी तिच्या खांद्याशी उभी राहून पुठ्ठ्याकडे बघते, मोकळा हात त्या दिशेने करते, आणि ती मागचा आतला पाय दुसऱ्याच्या पुढून ओलांडत एक पाऊल बाजूला टाकते. याचा सुरक्षेसाठी उपयोग उघड आहे. उधळायला घोड्याला दोन्ही मागचे पाय पोटाखाली सरळ घेऊन रेटा द्यावा लागतो, आणि पाय एकमेकांना ओलांडत असताना तो रेटा मिळत नाही. पण मला त्याचा दुसरा उपयोग जास्त मोलाचा वाटतो. घाबरलेल्या घोड्याला स्थिर उभं राहा म्हणणं फार कठीण मागणी आहे, कारण त्याचं सगळं शरीर हल म्हणत असतं. अशा वेळी हलायला द्यावं, फक्त थोडं आणि ठरावीक दिशेला. एक-दोन पावलं आणि बस. काही जण याच व्यायामाची शिक्षा करतात, घोडा चुकला की गरागरा फिरवतात. मग तो व्यायाम वाया गेला म्हणून समजा.

मान खाली आणायचाही व्यायाम असतो. कानांच्या मागे हलका हात ठेवून दोरीचं वजन खाली सोडायचं. मान खाली गेली की मन आपोआप शांत होतं असं सांगतात. मी तेवढं ठामपणे म्हणणार नाही. मान खाली घातलेल्या घोड्याला दूरचं नीट टेहळता येत नाही, त्यामुळे ती खाली सोडणं हा त्याचा निर्णय आहे. मी सुचवते, धरून मात्र कधीच ठेवत नाही. मैनेने मान खाली नेऊन पुन्हा वर केली, आजूबाजूला पाहिलं आणि परत खाली नेली, तर मला ती सलग खाली ठेवलेल्या मानेपेक्षा जास्त आवडते.

आता ताडपत्री. निळी, जाड, करकर वाजणारी. बहुतेक ठिकाणी घोड्याच्या धिटाईची परीक्षा म्हणून ती वापरतात आणि बहुतेक ठिकाणी घाई करतात. आम्ही ती घडी घालून मैदानाच्या एका टोकाला ठेवली आणि मैनेला दुसऱ्या टोकाकडून चालवत आणलं. मला एकच गोष्ट शोधायची होती: कुठल्या अंतरावर ती ताडपत्रीकडे बघते, कान टवकारते, पण तरीही डोळे मिचकावू शकते. ती रेघ सापडली की सगळं काम त्या रेघेच्या अलीकडे. थांबायचं, तिला हवं तितका वेळ बघू द्यायचं, आणि ती निघायला बघते त्याच्या आधी आपणच वळून लांब जायचं. परत यायचं. लांब जाता येतं हे कळलेली घोडी पुढच्या वेळी स्वतःहून पाऊलभर जवळ थांबते. कधी पाऊलभर लांबही थांबते, वारा असेल तर हमखास. त्या दिवशीची रेघ तिथे.

तबेल्यातले काका, ज्यांचा सगळा जन्म घोड्यांत गेला, कुंपणाला टेकून बघत होते. मी दोरी थोडी आखडली असावी, कारण ते तिथूनच म्हणाले, "ताई, बघू द्या तिला. घाई कुणाला आहे?" मग त्यांनी आत येऊन ताडपत्रीला दोरी बांधली आणि ती मैनेपासून लांब ओढत नेऊ लागले. हे मी त्यांच्याकडून शिकले. नंतर कळलं की घोड्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारेही हा उपाय सुचवतात. घाबरवणारी वस्तू आपल्यापासून दूर जात असेल तर घोडा तिच्या मागे जातो. जे पळतं ते शिकारी नसतं. मैनेचे कान पुढे आले, पावलं लांब झाली, आणि मैदानाचा अर्धा फेरा तिने त्या करकरणाऱ्या निळ्या वस्तूचा पाठलाग केला. भीती आणि कुतूहल तिच्या अंगात एकाच वेळी होतं, आणि त्या अर्ध्या फेऱ्यात कुतूहल पुढे गेलं.

मग काका थांबले आणि ताडपत्रीही थांबली. मैनेने मागच्या पायांवर सगळा भार ठेवून मान लांब केली. नाकपुड्या रुंद, आत लाल दिसत होतं. ओठांवरचे राठ केस ताडपत्रीला जेमतेम लागले आणि तिने फुर्र करून श्वास सोडला. त्या श्वासाने ताडपत्रीची कड उडाली आणि मैना टुणकन दोन पावलं मागे. दोरी मी सैल सोडली होती, त्यामुळे ती दोन पावलांवरच थांबली. ताणलेली असती तर ती दोरीशी भांडली असती. तिने बघितलं, पुन्हा मान लांब केली, पुन्हा फुंकर घातली. कड पुन्हा उडाली. या वेळी मागे गेलं ते फक्त डोकं. तिसऱ्यांदा तिने मुद्दाम फुंकर घातली असं मी शपथेवर सांगू शकणार नाही, पण तिचे कान बघता मला तसंच वाटलं. ती वस्तू हलत होती आणि हलवणारी ती स्वतः होती. नंतर पुढचा खूर उचलून तिने ताडपत्रीवर दोनदा आपटला. मी तिथेच काम थांबवलं. त्यावरून चालायचं नंतर कधीतरी बघू.

दुसरी पद्धत सगळ्यांना माहीत आहे. घोडा खांबाला पक्का बांधायचा आणि तो निपचित होईपर्यंत त्याच्याभोवती गोणी झटकत राहायचं. तो निपचित होतोही, आणि बघणारे म्हणतात, बघा, भीती गेली. काही घोड्यांची त्या प्रसंगापुरती सवय होतही असेल. पण कितीतरी घोड्यांत जे घडतं ते वेगळं असतं. काहीही केलं तरी सुटका नाही हे कळल्यावर जनावर प्रयत्न सोडून देतं. पाय थांबतात आणि आतलं वादळ चालू राहतं. निवांत उभ्या घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतात. घोड्याच्या पुढच्या डाव्या पायाच्या कोपरामागे स्टेथोस्कोप लावून कुणीही मोजू शकतं. खांबासारखा उभा असलेला घोडा घ्यावा आणि मोजून बघावं, मगच त्याला शांत म्हणावं. असे घोडे मी पाहिले आहेत. डोळे काचेचे, कान कुठल्याच आवाजाकडे वळत नाहीत, सांगाल ते करतात, आणि एखाद्या दिवशी फडफडणाऱ्या कागदाच्या तुकड्याने असे फुटतात की स्वार जबर जखमी होतो. त्यांच्याकडे बघताना मला फार वाईट वाटतं. त्यांनी सांगायचा प्रयत्न केला होता.

ही समज काही आजची नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात झेनोफॉन या ग्रीक सेनानीने लिहून ठेवलं आहे की घोडा एखाद्या वस्तूला भिऊन तिच्याजवळ जात नसेल तर स्वाराने स्वतः त्या वस्तूला हात लावून दाखवावा आणि घोड्याला हळूच तिकडे न्यावं. मारून नेलं तर भीती वाढते, कारण अंगाला होणारी वेदना त्या वस्तूमुळेच होते आहे असं घोड्याला वाटतं. माझ्या मते यात आजही काही बदलायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र मैनेने मला सगळ्यात जास्त वेळ शिकवली, ती म्हणजे तिची उजवी बाजू. डावीकडून ताडपत्री ओळखीची झाली तरी उजवीकडून पहिले पाढे पंचावन्न. घोड्याच्या मेंदूचे दोन भाग एकमेकांशी बोलतच नाहीत, असं यावर सांगितलं जातं. ते खरं नाही. एका डोळ्याने शिकलेलं घोड्याला दुसऱ्या डोळ्यानेही ओळखता येतं हे प्रयोगांत दिसलं आहे. पण ओळखीची वस्तू वेगळ्या कोनातून समोर आली तर ती त्याला नवी वाटू शकते. अमेरिकेत प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक टेम्पल ग्रँडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्वार्टर हॉर्स जातीच्या घोड्यांना लहान मुलांच्या खेळण्याच्या एका मोठ्या संचाजवळून चालवून त्याची सवय केली आणि मग तो संच जागेवरच ९० अंशांत फिरवला. तोच संच घोड्यांना नव्यासारखा वाटला. शिवाय साधं कारण हेही की आपण घोड्याचं सगळं डावीकडून करतो. डावीकडून धरतो, डावीकडून तंग आवळतो, डावीकडून चढतो. उजवीकडून कुणी जातच नाही. मी खरारा करायचा ब्रश उजवीकडच्या खुंटीला अडकवला, म्हणजे माझेच पाय आधी तिकडे वळतील. प्रत्येक व्यायाम उजवीकडून अगदी पहिल्यापासून, ताडपत्री पुन्हा लांबच्या टोकाला.

आणि माझ्या स्वतःच्या भीतीचं काय? २००९ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांनी घोड्याला दोरीने चालवत किंवा त्यावर बसून ठरावीक अंतर काही वेळा पार करायचं होतं. शेवटच्या खेपेच्या आधी त्यांना सांगितलं की आता घोडा जवळून जाताना छत्री उघडली जाणार आहे. छत्री उघडली गेलीच नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्यांच्यासोबत घोड्यांचेही. घोड्यांना तर छत्रीबद्दल कुणी काही बोललंच नव्हतं. हे वाचल्यापासून मी मैनेसमोर शांत असल्याचं नाटक करायचं सोडून दिलं, ते तिच्यापुढे टिकणारही नाही. त्याऐवजी गुडघे सैल करते, पूर्ण श्वास बाहेर सोडते, जिथे जायचं आहे तिथे नजर ठेवते. ज्या दिवशी माझंच डोकं ठिकाणावर नसतं, त्या दिवशी फक्त खरारा.

खराऱ्याला कमी लेखू नये. मानेच्या बुडाशी, जिथे आयाळ संपते तिथला उंचवटा घोडे एकमेकांना दातांनी खाजवून देतात. तिथे खाजवल्यावर घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होतात हे १९९३ मध्ये फ्रान्समधल्या अभ्यासात मोजून दाखवलं गेलं. मैनेला तिथे बोटांनी जोर लावून खाजवलं की तिचा वरचा ओठ लांब होतो आणि थरथरायला लागतो. मानेवर थापटण्यापेक्षा हे बक्षीस कितीतरी बरं. घोडे एकमेकांना थापटत नाहीत.

दारासाठी आम्ही वेगळं काही केलं नाही, फक्त वेळ दिला. उन्हातून येऊन चौकटीशी थांबायचं, तिच्या डोळ्यांना आतला अंधार दिसू लागेपर्यंत. मग पुढचे दोन पाय आत आणि तिथूनच मागे, बाहेर. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. मागे पाऊल घ्यायचा पहिला धडा इथे कामी आला. दारातून परत फिरता येतं हे कळल्यावर उसळी मारून घुसायचं कारणच उरलं नाही. आत गेल्यावर चाऱ्याची मूठभर काडी मिळायची, तीही कामाला आली. तोंडात घास चघळणारी घोडी सहसा श्वास रोखून धरत नाही.

या सगळ्याला रोज फार वेळ दिला असं नाही. दहा-पंधरा मिनिटं, आणि काहीतरी बरं घडलं की लगेच दोरी सोडायची. अजून एकदा करून बघू, हा मोह फार वाईट.

शेवटी एक गोष्ट राहते, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. फक्त माझ्याच हातात शांत असणारी घोडी अजून घाबरलेलीच आहे, तिने फक्त एक अपवाद केला आहे. म्हणून मैनेचे सगळे व्यायाम काकांनी केले, तबेल्यातल्या मुलांनी केले, आणि प्रत्येकाला मी एकच विनंती केली: ती थांबून बघत असेल तर दोरी सैल ठेवा. नालबंद येण्याआधी आम्ही मागचे पाय उचलायचा सराव वेगवेगळ्या माणसांकडून, दोन्ही बाजूंनी, खुरावर हलकं ठोकत करून घेतला. नालबंद आला त्या दिवशी उजवा मागचा पाय हातात घेतल्यावर तिची मान वर गेली आणि पोट थांबलं. मी त्याला पाय खाली ठेवायला सांगितलं. त्याने ठेवला. तिने वळून त्याला आणि त्याच्या पेटीला नीट पाहून घेतलं, श्वास सोडला, आणि पुढच्या वेळी पाय त्याच्या हातात दिला. एवढ्यासाठी त्याचं अर्धं मिनिट गेलं असेल.

पाठीवर बसणार कधी, असं आता सगळे विचारतात. खोगीर चढतं, तंग एक भोक आवळून, चार पावलं चालवून, परत एक भोक असं करत बसतो. पण स्वार ही घोडीच्या दृष्टीने अगदी नवी गोष्ट आहे: माणूस जमिनीवरून गायब होतो आणि दोन्ही डोळ्यांच्या कडेला, वर, एकाच वेळी दिसायला लागतो. म्हणून सध्या आमचं काम लाकडी ठोकळ्यावर चाललं आहे. मी ठोकळ्यावर चढते, तिच्या पाठीपेक्षा उंच होते, आयाळीशी खाजवते आणि उतरते. डावीकडून ती आता मागचा पाय सैल टेकवून उभी राहते. उजवीकडून अजून हनुवटी आवळते, त्यामुळे उद्याही ठोकळा उजवीकडेच असेल.